डोंगरातलं 'इको-फ्रेंडली' सेकंड होम घेण्याआधी माथेरानचा इतिहास वाचा

अंबरनाथ सोडून कर्जत लोकल बदलापूर, वांगणी, शेलूकडे निघाली की रुळांच्या दोन्ही बाजूंना होर्डिंगं सुरू होतात. डोंगराच्या कुशीत वीकेंड होम. निसर्गाच्या सान्निध्यात इको-फ्रेंडली व्हिला. सोलर, मातीच्या विटा, कौलारू छप्पर, पावसाचं पाणी साठवायची टाकी. फोटोत मागे हिरवा डोंगर असतो आणि पुढे स्विमिंग पूल. माणूस मात्र एकही दिसत नाही.

बहुतेक फोटोंत मागे दिसणारा तो डोंगर माथेरानचाच असतो. 'पर्यावरणपूरक सेकंड होम' हा प्रयोग आपल्या भागात आज सुरू झालेला नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच डोंगरावर तो सुरू झाला. तो कसा चालला, कुणाच्या जिवावर चालला, हे ठाऊक असलं की होर्डिंग वाचायची नजर बदलते.

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौककडून डोंगर चढून माथ्यावर गेला. पुस्तकांत लिहिलेलं असतं की त्यानं माथेरानचा 'शोध लावला'. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे नाव मॅलेटच्या आधीचं आहे. धनगर, ठाकूर, कातकरी या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. साहेबानं शोध लावला तो हवेचा, आणि खरं सांगायचं तर प्लॉटचा. त्यानं तिथं स्वतःचं घर बांधलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टननं तिथं लॉज बांधायला घेतला आणि माथेरानला प्रतिष्ठा आली. साहेबांमागोमाग मुंबईचे पारशी आणि बोहरी धनिक आले. रुंद व्हरांडे, उतरती छपरं, भोवती झाडी. आज ज्याला आपण 'सस्टेनेबल आर्किटेक्चर' म्हणतो, त्यातलं बरंचसं या बंगल्यांत तेव्हाच होतं.

१८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली आणि नेरळ हे माथेरानचं दार झालं. मुंबईकर नेरळला उतरायचा आणि घोड्यावर किंवा पालखीत बसून वर जायचा. त्याची ट्रंक, भांडीकुंडी, धान्य, बर्फ सगळं माणसांच्या डोक्यावरून वर जायचं. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फुटी रुंदीची छोटी रेल्वे सुरू केली. जवळपास २१ किलोमीटरचा तो वळणावळणाचा मार्ग आजही इंजिनिअर लोक कौतुकानं बघतात. पण गाडी स्टेशनात थांबते. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत पुन्हा माणूस आणि घोडाच.

माथेरानमध्ये मोटार नाही, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. त्या बंदीमुळेच ते जंगल वाचलं. पण मोटार नाही म्हणजे ओझं नाही, असं होत नाही. ते ओझं इंजिनाऐवजी कुणाच्या तरी छातीवर येतं. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या चढावर हातरिक्षा ओढणारा माणूस, मागून ढकलणारे त्याचे जोडीदार, डोक्यावर बॅगा घेतलेला हमाल, घोड्याचा लगाम धरून धावणारा पोरगा. 'प्रदूषणमुक्त गिरिस्थान' या शब्दामागे ही सगळी माणसं उभी आहेत.

याच वर्गातून आलेल्या एका माणसाचं नाव आपल्या भागात चौकाचौकांत आहे. भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये, नाभिक कुटुंबात झाला. सुट्टीला येणाऱ्यांची सेवा करणाऱ्या वस्तीतला हा मुलगा शिकून वकील झाला. माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यानं धान्यकोठ्या उभ्या केल्या, गावांत शाळा काढल्या. १९४२ मध्ये त्याच्या आझाद दस्त्यानं सह्याद्रीतून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आपण दरवर्षी २ जानेवारीला हार घालतो. पण तो माथेरानचा होता, तिथल्या कष्टकरी वस्तीतला होता, हे किती जणांच्या लक्षात असतं? डोंगरातली हवा, पाणी, वीज शहराकडे जाते आणि डोंगरातला माणूस कर्जात राहतो, ही विषमता तो लहानपणापासून बघत आला होता.

आता अलीकडे या. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून जास्त परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. खाणी, झाडतोड, तीव्र उतारांवरची बांधकामं यांवर निर्बंध आले. निर्णय योग्यच होता. पण झाडाला संरक्षण मिळालं, तसं हातरिक्षावाल्याच्या पाठीला मिळालं नाही. त्यासाठी आणखी बावीस वर्षं जावी लागली. ई-रिक्षा मिळावी म्हणून इथल्या श्रमिकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. २०२२ च्या शेवटी प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करून या लोकांचं पुनर्वसन करायला सांगितलं. परवानाधारक हातरिक्षा होत्या अवघ्या ९४. एवढ्यांचा प्रश्न सुटायला स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षं लागली.

माथेरानच्या माथ्यावरून समोर इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. ठाकर समाजाची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीला यंत्रंही वर नेता आली नाहीत. विचार करा, तीही डोंगरातलीच घरं होती. मातीची, कुडाची, कमीत कमी वीज वापरणारी. जाहिरातीतल्या सगळ्या 'इको' अटी ती पूर्ण करत होती. पण त्यांच्यासाठी ते सेकंड होम नव्हतं. एकच घर होतं.

पायथ्याला काय चाललंय तेही बघू. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे जाते. उन्हाळ्यात ती वाहती राहते, कारण १९२२ पासून चालू असलेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पेज नदीतून तिला मिळतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची तहान याच नदीवर. माथेरानलाही उल्हासचं पाणी नेरळहून पंपानं चढवलं जातं. म्हणजे वरचा बंगला आणि खालची चाळ एकाच नदीवर जगतात. २७ जुलै २०१९ ला याच नदीनं बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्याच पट्ट्यात आज भराव टाकून 'रिव्हर व्ह्यू' प्लॉट विकले जातात. भराव टाकला म्हणून पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्याच्या ओटीवर जातं.

माझा सेकंड होमला विरोध नाही. आयुष्यभर लोकलला लोंबकळलेल्या माणसाला म्हातारपणी डोंगराकडे तोंड करून बसावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? आणि आपल्या शहरांचा इतिहासच घराचा आहे. फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला या नदीचंच नाव मिळालं, उल्हासनगर. पहिलं घर गमावलेल्यांनी वसवलेल्या शहराला घराची किंमत कुणी शिकवायला नको. म्हणून म्हणतो, दुसरं घर घेताना कुणाच्या पहिल्या घरावर पाय पडत नाही ना, एवढं बघा.

बिल्डरला सोलर किती किलोवॅटचं, हे जरूर विचारा. पण त्याआधी हे विचारा. सातबारावर आधी कुणाचं नाव होतं? जमीन आदिवासीची असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते, ती घेतली का? एनए झालंय का, की 'फार्महाऊस' म्हणून शेतजमिनीचे तुकडे विकताय? प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे का? रस्त्यासाठी डोंगर कुठे कापला, आणि त्या कापाच्या खाली कोण राहतं? बोअरवेल किती फुटांची, आणि शेजारच्या वाडीच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी असतं का? मैलापाणी कुठे जातं? तुम्ही महिन्यातून चार दिवस येणार, उरलेले सव्वीस दिवस घर सांभाळणाऱ्या जोडप्याला पगार किती, आणि त्यांच्या खोलीला संडास आहे का?

शेवटचा प्रश्न साइटवर विचारला की सेल्समन गोंधळतो, हे मी बातमीच्या निमित्तानं एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय. ब्रोशरमध्ये त्याचं उत्तर नसतं.

मातीच्या विटा आणि कौलं ही सोपी गोष्ट आहे, पैसे दिले की मिळतात. माथेराननं मोटार वर येऊ दिली नाही आणि जंगल राखलं, हा धडा घ्यायलाच हवा. पण तिथल्या माणसाला माणूस म्हणून मोजायला आपण पावणेदोनशे वर्षं लावली. वांगणी-बदलापूरच्या नव्या माथेरानांना तेवढा वेळ देऊ नका. पहिल्या भेटीतच विचारा.