धूर जातो कुठे?

ऑक्टोबरातला शनिवार होता. उत्तर इंग्लंडमधल्या या जुन्या दगडी घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. दिवाणखान्यात आधीच्या मालकांनी बसवलेला एक लोखंडी बर्नर होता. समोर काचेचं दार, खाली राखेचा ट्रे, लाकूडही चालेल आणि कोळसाही, म्हणून मल्टीफ्युएल. आता चूल पेटवायला मला कोण शिकवणार? राजापूरकडच्या आमच्या घरी मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या मी आजीच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन काढल्यात.

ढलप्या रचल्या, काडी लावली. जाळ धरला, पण मंदच. दाराच्या फटीतून थोडा धूर खोलीत येत होता. बरेच महिने बंद होता, होईल सुरळीत, असं म्हणून मी खिडकी किलकिली केली. अर्ध्या तासानं लेक म्हणाली, ‘‘आई, डोकं दुखतंय.’’ आणि त्याच सुमारास भिंतीवरचा पांढरा डबा किंचाळायला लागला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आम्ही तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर थंडीत जाऊन उभे राहिलो.

पुढच्या आठवड्यात धुराडं साफ करणारा माणूस आला. त्यानं लांब दांड्याचा ब्रश वर घातला आणि काटक्यांचा ढीग खाली आला. दोन पोती भरली. जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या जातीतला पक्षी इथं धुराड्यात घरटं करतो. आपण मराठीत धुराड्याला चिमणी म्हणतो, पण आमच्या चिमणीत कावळा राहत होता. त्या माणसानं हात पुसत विचारलं, ‘‘पेटवण्याआधी मला का नाही बोलावलंत?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर हे होतं की, आजीच्या चुलीला धुराडंच नव्हतं. ते साफ करावं लागतं, हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर मी बर्नरची नियमावली वाचायला घेतली. एवढं अंतर सोडा, इतकी जाडी ठेवा, हे जाळू नका, ते बंद करू नका. पहिल्यांदा वाचताना कंटाळा आला. मग त्यामागचा इतिहास वाचत गेले, तसं लक्षात आलं की यातलं जवळपास प्रत्येक कलम कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी जिवावर लिहिलं गेलंय.

वीट, दगड आणि एक बेकरी

पहिलं कलम असतं बर्नरखालच्या आणि भोवतीच्या जागेचं. बर्नर न जळणाऱ्या फरशीवर हवा. ती फरशी बर्नरच्या पुढेही पसरलेली हवी, म्हणजे दार उघडल्यावर उडालेला निखारा गालिच्यावर पडत नाही. लाकडी तुळई, फर्निचर, पडदे यांच्यापासून उत्पादकानं सांगितलेलं अंतर हवं.

हा धडा लंडननं १६६६ साली घेतला. २ सप्टेंबरच्या पहाटे पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. भट्टीतला विस्तव आपण नीट झाकला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. पण शहर लाकडाचं होतं. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. पुढच्याच वर्षी कायदा आला : नवी घरं विटांची किंवा दगडाची हवीत.

तरी माणूस तो माणूसच. १६६२पासून इंग्लंडमध्ये घरातल्या प्रत्येक शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल या गावात १६८४ साली मोठी आग लागली. एका बेकरीवालीनं हा कर चुकवायला आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला होता, असं सांगतात. २० घरं गेली, चार माणसं गेली. आज इंग्लंडमध्ये बर्नर बसवायचा तर नोंदणीकृत कारागिराकडून बसवून घ्यावा लागतो, नाहीतर स्थानिक परिषदेच्या बांधकाम विभागाला आधी कळवून तपासणी करून घ्यावी लागते. ‘माझं घर, मी बघेन’ हे वाक्य आगीच्या बाबतीत चालत नाही, कारण भिंत शेजाऱ्याचीही असते.

धूर वर का जातो?

दुसरं कलम धुराड्याच्या रुंदी-उंचीचं. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. या ओढीवर सगळा खेळ. धुराडं फार रुंद असेल तर धूर वाटेत थंड होतो आणि रेंगाळतो. फार आखूड असेल तर ओढच लागत नाही.

हे गणित जमायला शतकं लागली. बेंजामिन फ्रँकलिननं १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेगडीची पुस्तिका छापली. तिचं पेटंट घ्यायला त्यानं नकार दिला. पण तिच्यात धूर बाहेर पडण्याआधी एकदा खाली वळवला होता. धुराला खाली जायला आवडत नाही. पुरेसा ताप नसला की तो खोलीत परत येई. पुढे १७९६ साली काउंट रम्फर्डनं उलटा रस्ता धरला. त्यानं शेगडी उथळ केली, बाजू तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा आवळला. खोलीत उष्णता वाढली, धूर कमी झाला. ही सुधारणा इतकी फॅशनेबल झाली की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’तही रम्फर्डचा उल्लेख आहे.

आजचे कारागीर म्हणून जुन्या रुंद धुराड्यात स्टीलची अरुंद नळी सोडतात. आणि वर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला खोलीत हवा यायलाही हवी. पाच किलोवॅटपेक्षा मोठ्या बर्नरला कायम उघडा राहणारा झरोका लागतो. थंडी वाजते म्हणून त्यात बोळा कोंबणारे लोक असतात. ते स्वतःच्याच घराचं नाक दाबत असतात.

काजळीतली मुलं

तिसरं कलम सफाईचं. लाकूड जाळत असाल तर वर्षातून किमान दोनदा, धूररहित कोळसा असेल तर किमान एकदा. काजळी साठली तर ती एक दिवस स्वतःच पेटते. धुराड्यात रेल्वे गेल्यासारखा आवाज होतो. तेव्हा बर्नरच्या सगळ्या झडपा बंद करायच्या, घराबाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. वरून पाणी ओतायचं नाही.

ब्रश येण्याआधी ही सफाई लहान मुलं करत. अरुंद, वेड्यावाकड्या धुराड्यात गुडघे-कोपर टेकत ती वर चढत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदानं दाखवून दिलं की या मुलांना पुढे होणारा अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो. कामाच्या ठिकाणच्या पदार्थाशी कर्करोगाचा संबंध जोडणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. १७८८ साली कायदा झाला : आठ वर्षांखालचं मूल नको. १८४० साली आणखी एक : २१ वर्षांखालच्या कुणाला धुराड्यात चढवायचं नाही. दोन्ही कागदावर राहिले. ब्रश उपलब्ध होता, पण मूल स्वस्त पडत होतं.

१८७५च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथल्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकला. अकरा-बारा वर्षांचा. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. मालकाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी कायदा मंजूर करून घेतला : धुराडं साफ करणाऱ्याला पोलिसांकडून परवाना घ्यावा लागेल. या वेळी कायद्याला दात होते. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या गाडीत लवचीक दांडे, ब्रश आणि व्हॅक्यूम होता. जाताना त्यानं सफाईचं प्रमाणपत्र दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

जो दिसत नाही तो

चौथं कलम त्या पांढऱ्या डब्याचं. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि झोपलेला माणूस उठत नाही.

२८ सप्टेंबर १९०२च्या रात्री कादंबरीकार एमिल झोला आणि त्याची बायको अलेक्झांड्रिन पॅरिसमधल्या घरी शेगडी पेटवून झोपले. धुराडं तुंबलेलं होतं. सकाळी झोला मेलेला सापडला, ती वाचली. चौकशीत अपघात ठरला. ड्रायफस प्रकरणात उघड भूमिका घेतल्यामुळे झोलाला शत्रू पुष्कळ होते. धुराडं मुद्दाम बुजवलं होतं, अशी एका कामगाराची कबुली १९५३ साली छापून आली. ते सिद्ध झालं नाही. मारेकरी असो वा नसो, मरण्याची रीत तीच होती. माझ्या खोलीत जॅकडॉनं तेच केलं होतं.

त्याच काळात ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन हा शास्त्रज्ञ हा वायू स्वतःच हुंगून त्याचे परिणाम नोंदवत होता. कोळशाच्या खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावेत, ही सूचना त्याची. लहान जीव माणसाआधी कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी १९८६ साली निवृत्त झाल्या. भिंतीवरचा डबा हा त्यांचा वारस. बर्नरपासून आडव्या रेषेत एक ते तीन मीटरवर, छतावर किंवा भिंतीवर उंच लावायचा आणि अधूनमधून बटण दाबून तपासायचा. तो नसता तर हा लेख लिहायला मी नसते.

बाहेर गेलेला धूर

एवढं सगळं करून धूर घराबाहेर गेला. पण बाहेर म्हणजे कुठे? डिसेंबर १९५२मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर धुक्यात मिसळलेला कोळशाचा धूर बसून राहिला. आधी सुमारे ४,००० बळी मोजले गेले. नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२,०००च्या आसपास नेला. १९५६ साली ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ आला आणि धूरबंदीची क्षेत्रं ठरली. तिथं मान्यताप्राप्त इंधन किंवा मान्यताप्राप्त बर्नरच चालतो.

मे २०२१पासून इंग्लंडमध्ये ओलं सरपण किरकोळीत विकायला बंदी आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते जाळायचं म्हणजे आधी पाणी उकळायचं, मग उरलेल्या उष्णतेत घर तापवायचं. तो धूर दाट आणि चिकट, धुराड्यात डांबरासारखा बसतो. तोडलेलं लाकूड फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा लागेल असं वर्ष-दोन वर्षं वाळवावं लागतं. रंगवलेल्या फळ्या आणि कचरा तर अजिबात नको. लाकडाला हवा वरून लागते, ते राखेच्या थरावर छान जळतं. कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते. म्हणून मल्टीफ्युएलमध्ये दोन झडपा असतात आणि दोन्ही इंधनं एकत्र जाळायची नसतात. रात्रभर धुमसावा म्हणून झडपा आवळून झोपायचं नाही. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर. आत निखारा दिवसभरही जिवंत राहू शकतो.

आजीची चूल

हे सगळं वाचत असताना मला सारखी आजीच्या स्वयंपाकघरातली काळी आढी आठवत होती. लहानपणी मी तिला विचारलं होतं, ‘‘आजी, धूर जातो कुठे गो?’’ ती म्हणाली, ‘‘जातो कुठे? इथंच असतो.’’ मी हसले होते. तिचा खोकला रात्रभर माजघरात ऐकू यायचा. त्याला आम्ही ‘आजीचा खोकला’ म्हणायचो, जणू तो तिच्या स्वभावाचा भाग होता.

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता असं नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराडं असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, ते प्रत्यक्ष मोजलं. १९८३च्या सुमारास सुधारित चुलींची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २००२पर्यंत तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. मग काय झालं? ओडिशात एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अशाच धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला. नंतर फरक उरला नाही. चुली भंगल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती झाली नाही, लोक जुन्या चुलीकडे वळले.

हे निष्कर्ष वाचून ‘लोकांनाच कळत नाही’ म्हणणं सोपं आहे. मी इंजिनिअर आहे, हातात छापील नियमावली होती, तरी मी तुंबलेल्या धुराड्याखाली जाळ केला. मला वाचवलं ते माझ्या हुशारीनं नाही. अलार्म सक्तीचा करणारा नियम होता, फोन केल्यावर येणारा माणूस होता, त्याला द्यायला माझ्याकडे पैसे होते. आजीच्या गावात चूल वाटायला कुणी आलं असतं, तरी दरवर्षी ती साफ करायला कोण आलं असतं? इंग्लंडला परवान्यापर्यंत पोचायला जॉर्ज ब्रूस्टरपर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडच्या खोकल्यांची नोंदच झाली नाही.

आता आमच्याकडे वर्षातून दोनदा तो माणूस येतो. सप्टेंबरात, पहिल्या जाळाआधी, आणि थंडी संपल्यावर. धुराड्याच्या तोंडावर पक्षी शिरू नयेत म्हणून त्यानं जाळी बसवून दिली. मागच्या वेळी लेक त्याच्याबरोबर अंगणात उभी राहून छपराकडे बघत होती. ब्रश धुराड्याच्या वरच्या टोकातून बाहेर आला, की वाट मोकळी आहे हे कळतं. ती ओरडली, ‘‘आई, दिसला!’’

मग मी काडी ओढली.