पुण्याच्या अश्वशर्यती : कौशल्य आणि गुणाकार

मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने रेसकोर्सला परवाना आवश्यक झाला. पुण्याचे मैदानही त्याच कक्षेत आले. पुढे १९९६ मध्ये, लक्ष्मणन् खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. घोड्याचे कुल, पूर्वकामगिरी, जॉकीचे नैपुण्य यांचा अभ्यास एकाच घोड्यावरील पैजेत उपयोगी पडतो, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु ‘तनाला’त पहिले तीन घोडे क्रमाने सांगावे लागतात, दहा घोडे धावल्यास ७२० क्रम संभवतात. पाच शर्यतींच्या जॅकपॉटमध्ये प्रत्येकी दोनच घोडे निवडले तरी ३२ तिकिटे होतात, तीन निवडल्यास २४३. जाणकाराला शंका अधिक, म्हणून त्याची तिकिटेही अधिक! टोटमधील वजावट तर वाटपापूर्वीच होते. राखीव रकमेचा अल्पांशच एका दिवशी लावणे, हा संयम अशा पैजेत घोड्याच्या परीक्षेहून दुर्मिळ ठरतो.