पोथीचें बासन व बाळाची गोधडी

पुण्याच्या कसबा पेठेंतील आमच्या घरीं वडिलोपार्जित पोथ्यांचें एक गाठोडें होतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं तें सोडून आम्हीं प्रत्येक पोथीचीं पानें मोजलीं, लेखकाचें नांव व शक टिपून घेतला. एका पोथीचें बासन म्हणजे लहान मुलाच्या गोधडीचा विटका तुकडा होता. तो निरुपयोगी समजून टाकून दिला. पुढें मातोश्रींनीं त्याची चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्या गोधडीवर आमचा धाकटा भाऊ निजत असे. तो चौथ्या वर्षीं वारला. पोथी राहिली, तुकडा गेला.

या वस्तूंची योग्यता आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आठव्या अध्यायीं बाळाचें अंथरूण-पांघरूण मऊ, हलकें व स्वच्छ असावें आणि खेळणीं चित्रविचित्र, आवाज करणारीं, बोथट, तोंडांत न जाणारीं व भय न उपजविणारीं असावींत, असें सांगितलें आहे. ही वैद्याची दृष्टि झाली. वस्तूंत मुलाचा जीव कां गुंततो, तें कालिदास दाखवितो. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत सर्वदमनानें सिंहाचा छावा सोडावा म्हणून एक तापसी मातीचा मोर आणते. पक्ष्याच्या लावण्याविषयींचे तिचे शब्द आईच्या नांवासारखे ऐकूं येतांच मुलाची नजर आईला शोधूं लागते. डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्यानें १९५१ सालीं हीच गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडली: मुलाची आवडती चिंधी किंवा बाहुली ही आईपासून सुटें होण्याच्या वाटेवरील आधार होय, ती धुतली तरी तिच्यांतील सातत्य तुटतें.

आमच्याकडील गोधडी तर आईच्याच जुन्या लुगड्याचे थर धावदोऱ्यानें शिवून होते. विकत न घेतलेल्या वस्तूची जमाखर्चांत नोंद होण्याचें कारणच नसतें. तांबट आळींतील भांडें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. गोधडी झिजते व तिचें पोतेरें होतें. म्हणून बाळपणाचा हा पुरावा दफ्तरांत सांपडत नाहीं व संग्रहांतही क्वचित् दिसतो.

मूल मोठें झालें म्हणजे ती वस्तु विसरूनही जातें. जें मूल मोठें होत नाहीं त्याची वस्तु आई जपते. शुक्रवार पेठेंतील आपला प्रचंड वस्तुसंग्रह दिनकर केळकर यांनीं बाळपणींच वारलेल्या राजा या पुत्राच्या नांवें केला, हें वाचकांस विदित आहेच.

तेव्हां संग्राहकांस विनंति एवढीच कीं, गाठोडें सोडतांना बासनही पाहावें. कापड, थर, दोरा व तें कोणीं बांधलें हें टिपावें, आणि घरांत कोणी वृद्ध स्त्री असल्यास टाकण्यापूर्वीं तिला विचारावें. आम्हीं विचारलें नाहीं.