दार दिसलं, तर वाट सापडते

स्मृतिभ्रंश म्हटलं की आपल्याला आठवतं ते नावं विसरणं. पण घरच्यांना अनेकदा वेगळ्याच गोष्टीचा त्रास होत असतो. आजोबा रात्री उठतात आणि त्यांना संडास सापडत नाही. आज आपण या वाट चुकण्याचा इतिहास पाहू. त्यात आजाराइतकाच इमारतींचाही वाटा आहे.

आधी डोक्यातल्या नकाशाबद्दल. 1948 साली एडवर्ड टोलमन यांनी मांडलं, की उंदीर काय आणि माणूस काय, वावरता वावरता जागेचा नकाशा मनात तयार करतो. 1971 मध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याला उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, की प्राणी ठरावीक जागी आला की त्या चेततात. याच कामासाठी ओकीफ 2014 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. अल्झायमरमध्ये जे भाग लवकर झिजतात, त्यात हा हिप्पोकॅम्पस आहे. म्हणजे नकाशा पुसट होतो. पण समोर दिसणारी ओळखीची वस्तू ओळखणं त्यामानाने बराच काळ टिकतं. मग अशा माणसाला जिथे जायचंय, ती जागा नजरेसमोरच असायला हवी, नाही का?

पण वृद्धाश्रम बांधले गेले ते इस्पितळाच्या साच्यात. लांबलचक मार्गिका आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. अशा ठिकाणी धडधाकट माणूसही चुकतो. हा साचा मोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न झाला फिलाडेल्फियात. पॉवेल लॉटन या मानसशास्त्रज्ञाच्या सहभागाने आखलेली वाइस इन्स्टिट्यूट 1974 साली उघडली. तिथे मार्गिकेऐवजी मधोमध मोठी मोकळी जागा ठेवली आणि खोल्या तिच्याभोवती मांडल्या. आपल्याकडच्या वाड्यातला चौक आठवा. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं, की बहुतेक सगळं दिसतं.

जिथे इमारत बदलणं शक्य नव्हतं, तिथे पाट्या आल्या. 1981 साली हॅन्ली यांनी ब्रिटनमधल्या वॉर्डांत त्यांचा उपयोग तपासला. नुसती पाटी लावून फारसं साधत नव्हतं. रुग्णाला हाताशी धरून, पाटी दाखवत चालवलं, की मग फरक पडायचा.

पुढे ओहायोतल्या कोरीन डोलन सेंटरमध्ये केव्हन नमाझी आणि सहकाऱ्यांनी काही साधे प्रयोग केले. 1991 मध्ये ते प्रसिद्ध झाले. संडास पडद्याआड न ठेवता नजरेस पडेल असा ठेवला, तेव्हा तो वापरण्याचं प्रमाण खूपच वाढलं. जरा थांबून विचार करा. ज्यांच्यावर 'ताबा सुटलाय' असा शिक्का बसला असता, त्यांतल्या काहींची अडचण एवढीच होती, की संडास दिसतच नव्हता. दुसऱ्या प्रयोगात खोलीबाहेरच्या छोट्या काचेच्या कपाटात रहिवाशाच्या आयुष्यातल्या वस्तू ठेवल्या. आजाराच्या मधल्या टप्प्यावरच्यांना आपली खोली ओळखायला त्यांची मदत झाली. जुन्या आठवणी उशिरा जातात, त्यांचाच हा आधार.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1987 मध्ये हुसियन आणि ब्राउन यांनी दारापुढच्या फरशीवर पट्ट्या चिकटवल्या, तर बरेच रुग्ण दारापर्यंत जायचे थांबले. पुढे दुसऱ्यांनी दाराची मूठ कापडाने झाकून पाहिली. म्हणजे ज्या दृश्य खुणेने वाट दाखवता येते, तिनेच वाट बंदही करता येते. माणूस सुरक्षित राहतो, हे खरं. पण कोणतं दार दिसू द्यायचं, हे त्याच्या वतीने दुसराच ठरवतो. ही जबाबदारी हलकी नाही.

2009 साली जर्मनीतल्या वृद्धाश्रमांच्या अभ्यासात मारक्वार्ट आणि श्मीग यांना दिसलं, की वळणं नसलेल्या सरळ रचनेत रहिवाशांना वाट सर्वांत सोपी जाते. म्हणजे पाटीच्या आधी नकाशाचा विचार हवा.

आपल्याकडे बहुतेक रुग्ण घरीच असतात, आणि घर काही पाडून बांधता येत नाही. पण संडासाचं दार उघडं ठेवून आत रात्रभर दिवा लावता येतो. पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं दिसत नसेल, तर त्याला गडद रंगाची सीट बसवता येते. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं भासू शकतं, ते उचलता येतं. आणि आजोबांच्या पलंगाची जागा, घर कितीही आवरायचं असलं तरी, शक्यतो बदलू नये.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.