आयलेनबर्गचा पाळक आणि जेवणाची प्रार्थना

वाचकहो, होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हानेमान यांच्या चरित्रात गावांची मोठी यादी लागते. हा गृहस्थ एका जागी फार काळ टिकलाच नाही. त्या यादीत १८०१ च्या सुमारास आयलेनबर्ग हे नाव येते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातले, लाइपझिगजवळचे, मुल्डे नदीकाठचे हे तटबंदीचे गाव. आम्ही होमिओपॅथ तेथे हानेमानांसाठी थांबतो. पण गावाचा खरा थोर पुरुष त्यांच्याआधी दीडशे वर्षे होऊन गेला. त्याचे नाव मार्टिन रिंकार्ट.

पिंपे करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १५८६ साली येथेच जन्मला. लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत गायला शिकला, धर्मशास्त्र शिकला आणि १६१७ साली पाळक होऊन गावी परतला. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले. त्यांची जवळजवळ सारी कारकीर्द या युद्धात गेली.

गावाला तट होता, म्हणून आसपासचे लोक जीव मुठीत धरून तेथे शिरले. दाटीवाटी, उपासमार, घाण. मग १६३७ साली प्लेग आला. (प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्याच्या गोष्टी आपल्या घरांतही सांगितल्या जातात. तेथे बाहेर पडावे तर सैन्य.) सुरुवातीला गावात चार पाळक होते. एक निघून गेला, तो परतलाच नाही. दोघांना रिंकार्टनी स्वतः मूठमाती दिली. मग एकटे तेच उरले. दिवसाला चाळीस-पन्नास अंत्यविधी. एकूण सुमारे ४,४८०. त्यांत त्यांची पत्नीही होती. अखेर प्रेते खंदकांत विधीविना पुरावी लागली.

प्लेगमागून दुष्काळ आला. एका मेलेल्या मांजरासाठी तीस-चाळीस माणसे रस्त्यात भांडत, असे वर्णन आहे. रिंकार्टनी पुढचे उत्पन्न गहाण टाकून दारी आलेल्यांना धान्य वाटले. १६३९ साली स्वीडिश फौजेने गावाकडे ३०,००० थालर खंडणी मागितली. यांनी रदबदली केली आणि आकडा २,००० फ्लोरिनवर आला.

याच माणसाने ‘नून डांकेट आले गॉट’, म्हणजे ‘आता सारे देवाचे आभार माना’, हे स्तोत्र लिहिले. प्लेग सरल्यावर किंवा १६४८ च्या तहाच्या आनंदात ते रचले, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. गोष्ट गोड आहे. मला मात्र ती पटत नाही. योहान क्रूगर यांनी १६४७ च्या आपल्या भजनसंग्रहात ते चालीसह छापले, म्हणजे तहाची गोष्ट तेथेच संपली. रिंकार्टच्या ज्या पुस्तकात ते प्रथम आले असे मानतात, ते १६३६ चे, प्लेगच्या आदल्या वर्षाचे. त्या आवृत्तीची प्रत आज उरलेली नाही. १६६३ च्या आवृत्तीत स्तोत्र आहे आणि तेथे ते जेवणाची छोटी प्रार्थना म्हणून येते. पहिल्या दोन कडव्यांचा आधार बेन सिरा या यहुदी ज्ञान्याच्या ग्रंथातील पन्नासावा अध्याय; तिसरे कडवे देवाच्या स्तुतीचे.

तेव्हा, वाचकहो, जेवणापूर्वी घरच्यांनी म्हणायचे हे चार शब्द होते. युद्धातही पानात काही पडत होते, त्याबद्दलचे. मी जैन, आमचा तीर्थंकर वीतराग, तो कोणाला काही देत नाही. त्यामुळे दात्याचे आभार मानण्याची ही रीत मला जराशी परकी वाटते. पण त्या दुष्काळात स्वतःच्या घरातले धान्य दुसऱ्याला काढून देणारा हात मला ओळखीचा वाटतो.

तह झाल्यावर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, ८ डिसेंबर १६४९ रोजी, रिंकार्ट वारले. सेंट थॉमस शाळेत पुढे संगीत शिकवायला आलेल्या बाख यांनी हे स्तोत्र आपल्या रचनांत घेतले. मेंडेल्सझोन यांनीही घेतले. १८५८ साली कॅथरीन विंकवर्थ यांनी ते इंग्रजीत नेले. आणि मधल्या काळात, ५ डिसेंबर १७५७ रोजी, लॉइथेनची लढाई जिंकल्यावर प्रशियाच्या सैनिकांनी ते रणांगणावरच गायले. जर्मनीत त्याला लॉइथेनचे स्तोत्र असेही नाव पडले. आयलेनबर्गचे नाव मात्र त्याला कोणी दिले नाही.