कल्याणवरून गेलेला कापूस

कल्याणच्या स्थानकात गाडीची वाट पाहत आपण कितीदा तरी उभे राहिला असाल. तेथून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. हे रूळ मुळात कोणासाठी पडले, हा प्रश्न त्या गर्दीत काही सुचत नाही.

कल्याणचा व्यापार फार जुना. कान्हेरीच्या लेण्यांत येथल्या दानशूर व्यापाऱ्यांचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथही कल्याणचे नाव घेतो, पण ते वेगळ्याच कारणाने. सातवाहनांच्या वेळी हे राजमान्य बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि येथे लागलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. खाडी तीच, माल तोच. वाट तेवढी राजाच्या हुकमाने वळली.

आता एकदम आगगाडीकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी ती ठाण्याला आली आणि १ मे १८५४ पासून कल्याणपर्यंत धावू लागली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि सारी भिस्त अमेरिकेवर ठेवणे त्यांना धोक्याचे वाटे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून येई; वाटेत तो मळे, भिजे. म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी रेल्वेचा धोशा लावला. बरे, पैसे घालणाऱ्याला जोखीम मात्र नको! १८४९ च्या करारात जी. आय. पी. कंपनीच्या भागीदारांना ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. नफा कमी पडला, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची. आणि तिजोरीत मोठी भर कशाची, तर शेतसाऱ्याची. कुणब्याच्या साऱ्यातून लंडनच्या भागीदाराचे व्याज! ‘अनुदान’ हा शब्द तेव्हा कोणी उच्चारला नाही, इतकेच.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या. त्यांची स्पर्धा लँकेशायरला झोंबू लागली. १८९६ साली सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. दोघांना समान न्याय, असे म्हणायचे! तो कर जायला १९२६ साल उजाडावे लागले.

इंग्रज गेले, दुसऱ्याच्या हिशेबाने ठरणारा भाव गेला नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सरकारी मदत देते. त्यामुळे भाव पडले तरी तिकडचा पेरा टिकतो, आणि जादा मालाने जगाचा बाजार आणखी खाली येतो. २००२ साली ब्राझीलने ही तक्रार जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि जिंकली. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनीही तेथे गाऱ्हाणे मांडले. निकालानंतर अमेरिकेने काय केले? मदत बंद करण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ साली आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले. ब्राझीलची समजूत पटली. आफ्रिकेतल्या त्या चौघांना, किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याला, त्यातले काही मिळायचे नव्हते.

आपल्याकडेही हा गुंता सरळ नाही. ठाणे आणि कल्याण यांच्या शेजारीच भिवंडीचे माग आहेत. मागवाल्याला सूत स्वस्त हवे, आणि कापूस पिकवणाऱ्याला भाव हवा. दोघेही आपलेच, कोणा एकाला खोटे कसे म्हणावे? २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयातकर लादला. तयार कपडे बाहेर धाडणारे अडचणीत आले, तेव्हा केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क काही काळापुरते उठवले. आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेर. विदर्भात नवा कापूस वेचून बाजारात यायला सुरुवात होते, ती ऑक्टोबरात.