द्रोणागिरीवरील पडक्या भिंती

पनवेलहून उरणच्या दिशेनें गेलें म्हणजे करंजाच्या किनाऱ्याशीं द्रोणागिरीचा डोंगर लागतो. लक्ष्मण मूर्च्छित पडला असतां हनुमंतानें जो पर्वत उचलून आणिला, त्याचें स्मरण हें नांव करून देतें. त्याच डोंगरावर पोर्तुगीज अमदानींतील ख्रिस्तमंदिराचे भग्नावशेष आहेत. पोर्तुगीजांमागून येथें मराठे आले व १७७४ सालीं इंग्रज. चढण संपवून आम्ही त्या पडक्या भिंतींजवळ बसलों, तेव्हां मनांत आलें कीं, राज्यें गेलीं, भिंती ढांसळल्या, पण डोंगराचें जुनें नांव कांहीं पुसलें गेलें नाहीं. मग नव्या धर्मांत शिरणारा मनुष्य आपल्या मागील आयुष्यापैकीं टाकतो तरी काय, आणि काय त्याला टाकतांच येत नाहीं?

ख्रिस्ती धर्मांत या त्यागाला मोठें महत्त्व आहे. पश्चात्ताप, क्षमा व नवा जन्म अशी त्याची वाट सांगितली आहे. संत पौलानें शर्यतींत धांवणाऱ्याची उपमा योजून मागलें विसरण्याचा उपदेश केला. परंतु आपण ख्रिस्तानुयायांचा छळ केला होता, हें त्याच पौलानें आपल्या पत्रांतून वारंवार सांगितलें आहे. आपला यहुदी वंशहि त्यानें कधीं लपविला नाहीं. अर्थात् आपलें पूर्वचरित्र तो विसरला नव्हता. त्याचें ओझें मात्र त्यानें उतरून ठेविलें होतें.

पोर्तुगीज राज्यकर्त्यांना हा भेद उमगला नाहीं. त्यांच्या अमदानींत देवळें पाडलीं गेलीं. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें, आणि नवख्रिस्ती मनुष्य घरांत जुना आचार पाळतो कीं काय, याची झडती होऊं लागली. १६८४ सालीं तर लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें, असें फर्मान निघालें. मनुष्याचा भूतकाळ दुसऱ्यानें हिसकावून घेणें याला त्याग म्हणतां येत नाहीं. ती लूट होय. त्याच भूमींत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ छापविलें. जुनीं पुराणें गमावलेल्या लोकांना आपल्या भाषेंतलें पुराण हवें, हें ओळखून त्यानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्या रचिल्या. पुढें १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली व राजसत्तेचा आधार तुटला. तरी तेथील ख्रिस्ती समाजानें धर्म सोडला नाहीं, आणि घरांतली मराठी बोलीहि सोडली नाहीं.

पुढील काळांतील ज्ञात्यांनींहि हाच विवेक राखिला. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांतील वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला; परंतु क्रूसावरील अक्षरें लॅटिन असावीं हें त्यांना रुचेना, तीं संस्कृत हवींत असा त्यांचा आग्रह होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व कीर्तन सोडलें नाहीं. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताकडे आलों, अशी त्यांची भावना होती.

या बाबतींत आमच्या पांढरपेशा समाजालाहि आपला दोष पदरीं घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत घरांतील कोणी बाप्तिस्मा घेतला, कीं तो मेला असें समजून कित्येक घरें त्याचें नांव टाकीत. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. पुढें बाई परतल्या, त्याहि सोवळें संभाळूनच. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत आपला आकांत, आपले सोवळ्याओवळ्याचे हट्ट, यांपैकीं कांहींहि बाईंनीं झांकलें नाहीं. मात्र कोठें सूड नाहीं, कीं कण्हणें नाहीं. ज्या आठवणींनीं एकदां रडविलें, त्यांवरच त्या वाचकाला हंसवितात. भूतकाळ खरोखर सुटल्याची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ज्या वर्गानें धर्मांतर केलेल्या आपल्या माणसांना परकें ठरविलें, त्याच वर्गाच्या घरोघरीं पुढें हें पुस्तक प्रेमानें वाचलें गेलें, हीहि लहान गोष्ट नव्हे.

उन्हें उतरतांना आम्ही निघालों. वाटेंत एका सोबत्यानें त्या भिंतींकडे बोट दाखवून म्हटलें, “यांनीं आमचीं देवळें पाडलीं.” पाडलीं, हें इतिहासाला लपवितां येणार नाहीं, व लपवूंहि नये. परंतु पाडणारे केव्हांच गेले. त्यांचें पाप आज उरणच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या माथीं मारणें म्हणजे जुनें ओझें आपणच डोक्यावर घेणें होय. क्षमेचा हा धडा ख्रिस्ताच्या नांवावर असला, तरी तो शिकण्यासाठीं बाप्तिस्मा घ्यावा लागत नाहीं.